किट लेन्सवर शार्प लँडस्केप: सोलापूरकर काय करता?

भीमातीर
नमस्कार मंडळी. माझा कॅमेरा साधा आहे. २४ मेगापिक्सेल, क्रॉप सेन्सर (म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर) डीएसएलआर, आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स. घरचं बारसं, गॅदरिंग, पोरांचे फोटो यात कधी अडलं नाही. निसर्गाच्या फोटोत मात्र अडतंय. हिप्परग्याच्या तलावावर बांधावरून पलीकडच्या काठाचे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास. घरी कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले तर झाडांची पानं म्हणजे हिरवा लगदा, काठावरचा विजेचा खांब वाकडातिकडा.

सेटिंग असं: ५५ मिमी, एफ/२२ (लँडस्केपला छिद्र लहान ठेवावं असं वाचलं होतं), आयएसओ १००, शटर १/५०, हातात धरून. वेळ सकाळी साडेअकरा. एका दुकानदाराचं म्हणणं, "किट लेन्सकडून एवढीच अपेक्षा ठेवायची," आणि लगेच साठ हजारांची लेन्स काउंटरवर काढून ठेवली. तेवढी ऐपत नाही, आणि असती तरी घरी काय सांगणार? खरंच लेन्सचा दोष आहे का?

शेंगाचटणी
साठ हजारात जन्मभर हुरडा खाता येईल की ओ मालक. माझ्याकडेपण तीच लेन्स आहे, म्हणून धागा धरून बसतो.

पिक्सेलपिसाट
पहिलं काम म्हणजे एफ/२२ सोडा. 'छिद्र लहान तर सगळं शार्प' हे अर्धंच खरं आहे. छिद्र फार लहान केलं की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू एफ/८ ला सेन्सरवर साधारण ११ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो, एफ/२२ ला तोच ३० मायक्रॉनच्या घरात जातो. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. म्हणजे एका पानाची कड सात-आठ पिक्सेलांवर फासली गेली. यात लेन्स स्वस्त की महाग याचा काही संबंध नाही. साठ हजारांची लेन्सही एफ/२२ ला हेच करणार.

दुसरं, एफ/२२ वरून एफ/८ ला आलात की तीन स्टॉप जास्त उजेड मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तीन म्हणजे आठपट). १/५० चं शटर तेवढ्याच आयएसओवर १/४०० होतं. ५५ मिमी हातात धरायचं तर क्रॉप सेन्सरवर निदान १/१०० तरी हवं, म्हणजे तुमच्या फोटोत हात हलल्याचा भागही असणारच. लेन्समधला स्टॅबिलायझर (हाताची थरथर भरून काढणारी सोय) चालू असेल तर थोडा कमी.

किट लेन्स एफ/८ ला तिच्या परीने सर्वात चांगली असते. एफ/११ पण चालतं. त्यापुढे नाइलाज असेल तरच.

माळरानी
वरचं सगळं बरोबर आहे, पण माझ्या मते निम्मं उत्तर 'साडेअकरा' या शब्दात आहे.

आपल्याकडची काळी माती सकाळी नऊ-दहापासून तापायला लागते. जमिनीलगतची हवा गरम, वरची त्यापेक्षा थंड, आणि दोन्ही सारख्या एकमेकींत मिसळत असतात. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. त्यामुळे दूरच्या झाडावरून निघालेला किरण तुमच्या लेन्सपर्यंत येईतो शंभर ठिकाणी हेलकावे खातो. डोळ्यांना त्याच झळा दिसतात. तुमचा विजेचा खांब वाकडा आला ना? लेन्स खांब असा वाकवत नाही. हात हलला असता तर खांबाची कड एकाच दिशेला दुहेरी झाली असती. नागमोडी खांब ही झळांची खूण.

खात्री करायची सोपी रीत आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा कठड्यावर पक्का ठेवा. फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाका. लांबच्या एकाच वस्तूचे पाठोपाठ पाच-सहा फोटो घ्या. मग ते शंभर टक्के मोठे करून एकामागून एक बघा. प्रत्येक फोटोत धूसरपणाची जागा बदलत असेल, एकात खांबाचा वरचा भाग स्वच्छ आणि दुसऱ्यात खालचा, तर दोष हवेचा. सगळ्या फोटोंत तेच ठिकाण तेवढंच मऊ असेल तर फोकस नाहीतर लेन्स तपासा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर थेट दिसणाऱ्या चित्रात, दहापट मोठं करून पाहिलंत तर झळा चक्क उकळताना दिसतात. तसं दिसलं की मी सरळ बॅग आवरते. एप्रिलमध्ये सोलापुरात लांबचं लँडस्केप दुपारी काढायचंच नाही, कितीही महाग लेन्स असली तरी.

मग कधी काढायचं? उन्हाळ्यात सूर्योदयाच्या आधी अर्धा तास ते नंतर तासभर. पावसानंतरचे दिवस सगळ्यात सुंदर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चांगली सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशीची सकाळ सोडू नका. धूळ बसलेली असते, माती ओली आणि थंड असते, क्षितिज दोरीसारखं सरळ दिसतं. हिवाळ्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक म्हणतात थंडीत हवा स्वच्छ. आपल्या जिल्ह्यात थंडी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. पाचट जाळल्याचा आणि चुलींचा धूर पहाटे जमिनीलगत अडकून बसतो. फोटोला मूड येतो, पण लांबचं काही शार्प येत नाही.

भीमातीर
ताई, धुरामुळे पुसट दिसणं आणि झळांमुळे अस्पष्ट होणं यात फरक कसा ओळखायचा?

माळरानी
धुराने, धुळीने कॉन्ट्रास्ट जातो. कडा जागेवर असतात, पण सगळ्यावर पांढरट पडदा. तो बऱ्याच अंशी एडिटिंगमध्ये काढता येतो. पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चकाकी कापणारा फिरता फिल्टर) लावून सूर्याला काटकोनात उभं राहिलात तर थोडा जागेवरच कापता येतो. झळांमध्ये कडाच मोडतात, त्या कुठल्याही स्लायडरने परत येत नाहीत.

आणखी एक. झळा जमिनीलगत जास्त असतात, म्हणून जितक्या उंचावरून बघाल तितक्या कमी. नळदुर्गच्या उपळी बुरुजावरून तुम्हाला जे दिसतं ते रस्त्याच्या कडेला बसून कधीच दिसणार नाही. डांबरी रस्त्यावरून किंवा गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून आडवा फोटो काढणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

पिक्सेलपिसाट
पाण्यावरून काढताना हाच नियम उलटाही लागतो. थंडीत पहाटे तलावाचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, मग पाण्यावरची हवा हलते. सिद्धेश्वर तलावाच्या पलीकडून मंदिर टिपताना डिसेंबरच्या पहाटे हे मी पाहिलंय. सूर्य थोडा वर आल्यावर उलट जास्त स्वच्छ आलं.

माळरानी
हो, बरोबर. म्हणूनच घड्याळापेक्षा लाइव्ह व्ह्यूवर विश्वास ठेवावा.

स्टुडिओकाका
चर्चा छान चालली आहे. मी फिल्मच्या जमान्यापासून या धंद्यात. लग्नाच्या ऑर्डरी कमी केल्यावर आता हौसेने फिरतो. दोन गोष्टी राहिल्यात, फोकस आणि ट्रायपॉड.

जुन्या लेन्सवर अंतराची पट्टी असायची, कुठल्या एफ नंबरला कुठून कुठपर्यंत शार्प येईल ते लेन्सवरच वाचता यायचं. किट लेन्सवरून ती पट्टी गेली आणि लोकांनी फोकस कॅमेऱ्यावर सोडला. कॅमेरा बिचारा मधला चौकोन पकडतो, तिथे जे असेल ते. भीमातीर, तुमच्या फोटोत फोकस बहुतेक अलीकडच्या गवतावर किंवा पाण्यावर असावा.

आकडे लक्षात ठेवा. १८ मिमी, एफ/८, क्रॉप सेन्सर: साधारण सव्वादोन मीटरवर फोकस केला तर सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत 'चालेल इतकं' शार्प येतं. याला हायपरफोकल अंतर म्हणतात. पण 'चालेल इतकं' म्हणजे छोट्या प्रिंटला चालेल इतकं. हल्ली लोक २४ मेगापिक्सेल मोठे करून बघतात, तेव्हा दूरचा डोंगर मऊ वाटतो. म्हणून मी त्या अंतराच्या दुप्पट, म्हणजे साडेचार मीटरच्या आसपास फोकस करतो. दूरचं निम्म्याने सुधारतं आणि जवळचं दीड मीटरपासून मिळतं. ५५ मिमीला हेच अंतर २० मीटर होतं. म्हणून ५५ वर पायाजवळचा दगड आणि पलीकडचा काठ दोन्ही एका फोटोत मागू नका. पलीकडचा काठ हवा असेल तर पलीकडच्या काठावरच फोकस करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून.

आणि एकदा फोकस केल्यावर झूम हलवू नका! स्वस्त झूम लेन्समध्ये झूम फिरवलं की फोकसही सरकतो. आधी चौकट ठरवा, मग फोकस, मग मॅन्युअलवर टाकून रिंगवर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा. पोलरायझर वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की काही जुन्या किट लेन्सचं पुढचं भिंग फोकस करताना गोल फिरतं. तेव्हा फोकस झाल्यावरच पोलरायझर फिरवायचा.

ट्रायपॉड हजार-दीड हजाराचा असला तरी चालतो, फक्त त्याचा मधला दांडा वर काढायचा नाही. पाय लांबवायचे ते वरच्या जाड टप्प्यापासून, सर्वात खालचा बारीक टप्पा शक्यतो आतच राहू दे. बसून काढावं लागलं तर बसा. उजनीच्या भिंतीच्या बाजूला वारा असा असतो की हलका ट्रायपॉड तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजतो. दांड्याला बॅग लटकवा, पण बॅगेचा तळ जमिनीला टेकलेला ठेवा, लोंबकळली तर तीच कॅमेऱ्याला हलवते. दोन सेकंदांचा टायमर लावा. डीएसएलआरमध्ये मिरर लॉक असेल तर तोही, किंवा लाइव्ह व्ह्यूमधून काढा, आरसा आधीच वर गेलेला असतो. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. जुन्या किट लेन्सना कॅमेरा स्थिर आहे हे कळत नाही, त्या उगाच भिंग हलवत राहतात.

शेंगाचटणी
काका, तुम्ही तर अख्खा कोर्स फुकटात दिला. नाश्ता माझ्याकडून.

स्टुडिओकाका
कडक भाकरी आणि चटणी असेल तर येतो.

पिक्सेलपिसाट
सगळेच लेन्सची बाजू घेताहेत, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. किट लेन्सला मर्यादा आहेतच. १८ मिमीला कोपरे मऊ येतात, एफ/८ लाही. कोपऱ्यातल्या फांद्यांना जांभळी-हिरवी किनार येते. शिवाय या लेन्समध्ये एकीचा दुसरीला मेळ नसतो. कारखान्यातून निघताना एखादं भिंग केसभर तिरकं बसलं तर फोटोची एक बाजू कायम मऊ राहते, त्याला डीसेंटर्ड म्हणतात. अशी लेन्स असेल तर हवा, ट्रायपॉड, फोकस सगळं जमवूनही डावा कोपरा रडणारच.

तपासायचं असं. सकाळी लवकर, झळा नसताना, लांबची एखादी बारीक तपशिलाची वस्तू निवडा, मोबाइल टॉवर उत्तम. एफ/५.६, ट्रायपॉड. तो टॉवर पहिल्या फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात, मग वरच्या उजव्या, मग खालच्या दोन्ही कोपऱ्यांत येईल असे चार फोटो घ्या. प्रत्येक वेळी फोकस मधोमध करून मॅन्युअलवर ठेवलेला. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर लेन्स ठीक, तिचा स्वभावच तो. एखादाच कोपरा फार वाईट असेल तर लेन्स तिरकी. वॉरंटी असेल तर बदलून घ्या, नसेल तर सेकंडहँड दुसरी किट लेन्स घ्या, दोन-तीन हजारात मिळून जाते.

कडकभाकरी
वर माझं नाव नाश्त्यात वापरलं गेलंय, तेव्हा बोलणं भाग आहे 😄

कोपऱ्यांचा प्रश्न मी वेगळ्या पद्धतीने सोडवते. माझ्याकडे ५० मिमी एफ/१.८ आहे, दहा हजारांच्या आतबाहेर मिळणारी. ती एफ/५.६ ते एफ/८ ला इतकी शार्प आहे की किट लेन्स तिच्यापुढे उभी राहत नाही. पण क्रॉप सेन्सरवर ५० म्हणजे अरुंद. म्हणून कॅमेरा उभा धरते आणि डावीकडून उजवीकडे पाच-सात फोटो घेते, प्रत्येक फोटोचा तिसरा हिस्सा आधीच्या फोटोवर येईल असे. घरी हगिन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जोडते. तयार होणारी फाइल एका फोटोच्या तिप्पट-चौपट मोठी असते, आणि लेन्सचे कोपरे बहुतेक ठिकाणी शेजारच्या फोटोखाली झाकले जातात. नान्नजच्या गवताळ माळासाठी हे फारच उत्तम. तिथे उंच काही नाही, सगळं आडवंच आहे.

काळजी एवढीच: एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस, सगळं मॅन्युअल. ऑटोवर ठेवलं तर आकाशात पट्टे दिसतात. पोलरायझर काढून ठेवा, नाहीतर आकाशाचा एक भाग गडद आणि एक फिका येतो. आणि फार जवळचं झुडूप चौकटीत घेऊ नका, ते जोडताना तुटतं.

माळावर वारा असेल तर गवत हलतं, मग ट्रायपॉड असूनही गवत मऊ येतं. तेव्हा आयएसओ १०० चा हट्ट सोडा. ४०० करा, १/२५० चं शटर घ्या. थोडा नॉइज (दाणेदारपणा) परवडतो, हललेलं गवत परवडत नाही.

भीमातीर
५० घ्यायची की किट लेन्सवरच हे जोडकाम करायचं?

कडकभाकरी
आधी किट लेन्सवर ३५ मिमीला करून बघा. मधल्या फोकल लेंग्थला ती बऱ्यापैकी असते. त्याचा कंटाळा आला नाही तर मग ५० घ्या. कंटाळा येणारे खूप असतात.

सातरस्ता
स्वस्तात अजून एक मार्ग आहे, जुन्या मॅन्युअल लेन्स. एम४२ आट्याच्या रशियन हेलिओस ५८ मिमी वगैरे. अॅडॉप्टर लावला की झालं. अंतराची पट्टीही मिळते, काकांना आवडेल.

स्टुडिओकाका
आवडते, पण एक धोका सांगतो. कॅमेरा कुठला ते आधी बघा. कॅननच्या ईएफ माउंटवर एम४२ साध्या अॅडॉप्टरने अनंतापर्यंत फोकस होते. निकॉनच्या डीएसएलआरवर होत नाही, कारण त्यांच्यात लेन्स ते सेन्सर हे अंतर ४६.५ मिमी आणि एम४२ ला हवं ४५.४६. लेन्स मिलिमीटरभर पुढे बसते आणि दूरचं सगळं धूसर राहतं. भिंगवाला अॅडॉप्टर मिळतो, पण त्या स्वस्त भिंगाने शार्पनेसच जातो. लँडस्केपला अनंतच नसेल तर काय उपयोग? मिररलेसवाल्यांना, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना, ही अडचण नाही.

शेंगाचटणी
माझा प्रश्न साधा आहे. लेन्सवर दुकानात लावून दिलेला यूव्ही फिल्टर आहे. तो ठेवू का काढू?

पिक्सेलपिसाट
लँडस्केप काढताना काढा. चारशे रुपयांच्या काचेतून प्रकाश घालायचा आणि मग लेन्स मऊ म्हणायची, हे बरोबर नाही. सूर्य समोर किंवा तिरका असेल तर त्या काचेने फोटोभर पांढरट झाक येते. संरक्षणासाठी लेन्स हूड घ्या, तो उजेडही अडवतो. धुळीच्या वाऱ्यात मात्र फिल्टर ठेवला तर माझी हरकत नाही, आपल्याकडे मे महिन्यात वावटळ कधी येईल सांगता येत नाही.

भीमातीर
मंडळी, माळरानीताईंनी सांगितलेली परीक्षा केली. भुईकोट किल्ल्याच्या बाजूने तलाव, सकाळी साडेसहा आणि परत अकरा वाजता. तीच लेन्स, तोच ट्रायपॉड, एफ/८, ३५ मिमी. साडेसहाच्या पाचही फोटोंत मंदिराचा कळस सारखाच आणि स्वच्छ. अकराच्या पाचांत प्रत्येक वेळी कळसाचा आकार जरा जरा वेगळा! दुकानदाराला दोन्ही दाखवायचा विचार आहे. कोपऱ्यांचीही चाचणी केली, खालचा उजवा किंचित मऊ आहे, बाकी तिन्ही ठीक.

पिक्सेलपिसाट
किंचित असेल तर सोडून द्या. त्या कोपऱ्यात पाणी किंवा आकाश येईल अशी चौकट लावा.

माळरानी
अकराच्या फोटोत अजून थोडा जीव आणायचा असेल तर तेच पाच-सहा फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक जुळवून सरासरी काढता येते, हललेल्या कडा थोड्या स्थिरावतात. पण खरं सांगायचं तर सकाळी लवकर उठणं स्वस्त पडतं.

सातरस्ता
एडिटिंगमध्ये काय करता? मी जेपेग काढतो आणि शार्पनेस शंभरवर नेतो, सगळ्याला पांढरी किनार येते.

पिक्सेलपिसाट
रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. ती उघडायला रॉथेरपी किंवा डार्कटेबल, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. सगळ्यात आधी लेन्स करेक्शन आणि रंगाची किनार काढणं. किट लेन्सच्या कोपऱ्यांना यानेच सर्वात जास्त फरक पडतो, कारण तिथे लाल आणि निळा रंग किंचित सरकलेला असतो, तो जागेवर आला की फांदी एकदम उठून दिसते. शार्पनिंग शेवटी, लहान रेडियसने, ०.६ ते ०.८ पिक्सेल. आकाशावर मास्क लावून तो भाग वगळा, नाहीतर तिथे नुसता नॉइज शार्प होतो.

आणि शंभर टक्क्यांवर बघून झुरायचं थोडं कमी करा. ६००० बाय ४००० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला २० बाय १३ इंचाचं प्रिंट. घरात एवढं मोठं कोण लावतं? १२ बाय १८ चं प्रिंट काढा, हातभरावरून बघा, मग ठरवा लेन्स वाईट आहे का.

स्टुडिओकाका
+१. प्रिंट काढाच. स्क्रीनवर भांडण्यात निम्मं आयुष्य जातं.

कडकभाकरी
पावसाळ्यात नळदुर्गला नर-मादी धबधबे पडतात तेव्हा कोण कोण येणार? पाणी महालाच्या बांधावर तुषार असतात, म्हणून लेन्स पुसायला दोन-तीन सुती फडकी आणा. पाणी रेशमासारखं हवं असेल तर १/४ सेकंद पुरे, म्हणजे ट्रायपॉड लागणारच. एफ/८ ला उजेड जास्त झाला तर पोलरायझर लावा, तो दीड-दोन स्टॉप खातो. एफ/२२ ला जाऊ नका एवढंच.

भीमातीर
मी नक्की. पोलरायझर घ्यायचाय, पण दुकानात माप विचारतात. कुठलं सांगू?

सातरस्ता
लेन्सच्या पुढच्या बाजूला किंवा झाकणाच्या आत गोलाला तिरकी रेघ मारलेलं चिन्ह असतं, त्यापुढचा आकडा. किट लेन्सला बहुतेक ५२, ५५ किंवा ५८ असतो. पुढे ५० मिमी घेणार असाल तर दोन्हींतल्या मोठ्या मापाचा एकच घ्या आणि शंभर-दीडशेची स्टेप-अप रिंग लावा. दोन पोलरायझर कशाला?